मला लांबतं

गेल्या महिन्यात बारावीच्या वर्गात एका मुलीनं हात वर केला. पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली, बाकांवर हिवाळ्याचं कोवळं ऊन पसरलेलं, आणि मी फळ्यावर 'लाँग फॉर' लिहून त्यापुढं 'ओढ लागणे, आस लागणे' असं दरवर्षीप्रमाणे खरडलेलं. ती म्हणाली, "मॅडम, लाँग म्हणजे तर लांब ना? मग त्याचा अर्थ ओढ कसा काय झाला?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "हसू नका, प्रश्न चांगला आहे," आणि उत्तर सांगण्याआधी फळ्यावरचा 'लाँग' पुसून पुन्हा लिहिला. उत्तर मला येतं. गेली तीस वर्षं येतं. पण ज्या मुलीला ते सर्वात आधी सांगायला हवं होतं, तिला मी ते अजून सांगितलेलं नव्हतं.

इंग्रजीत ओढ लागण्यासाठी शब्दांचा काही तोटा नाही. 'पाइन' म्हणजे झुरणं. पोरं हटकून त्याला चीडचं झाड समजतात आणि 'ती नवऱ्यासाठी चीड झाली' असलं भाषांतर करून मोकळी होतात. त्या शब्दाच्या मुळाशी झाड नाही, शिक्षा आहे. 'पेन' म्हणजे दुखणं, त्याच घरातला तो. 'डिझायर'च्या मुळाशी म्हणे आकाशातले तारे आहेत. कुणी कुणाची वाट बघत रात्रीच्या रात्री आभाळाकडं डोळे लावून बसलं होतं, देव जाणे. शब्द असा उसवून बघायची खोड मला अब्बांमुळं लागली. नांदेडच्या जुन्या गल्लीत त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. ग्रंथालयांची, शाळांची खिळखिळी झालेली पुस्तकं यायची. अब्बा जुना दोरा कापून पानं सुटी करायचे, मग नव्यानं शिवून वर जाड पुठ्ठा चढवायचे. मी शेजारी बसून खळ ढवळायची आणि सुटी झालेली पानं वाचायची. गणिताच्या पुस्तकाचं पान आणि हदीसच्या पुस्तकाचं पान एकाच दुपारी वाचायला मिळायचं, त्यामुळं डोक्यात सगळी खिचडीच झाली होती.

दहावीला मार्क बरे पडले आणि घरात एकमत झालं की पोरीला लातूरला टाकायचं. 'टाकायचं' हाच शब्द होता. तेव्हा मराठवाड्यात ही नवी साथ पसरत होती. ज्याच्या घरात म्हणून हुशार पोर निघालं, त्यानं त्याची ट्रंक भरून लातूर गाठायचं. गावात ज्याला एक जास्तीची खोली होती तो खोलीमालक झाला होता, आणि ज्याला एक विषय येत होता तो सर झाला होता. सकाळी सहाला फिजिक्स, आठला केमिस्ट्री, रविवारी टेस्ट. सायकलींच्या घंटांनी गल्ली जागी व्हायची. मला हे सगळं मनापासून आवडत होतं, हे कबूल करते. पहिल्या बॅचमध्ये बसायचं, टेस्टच्या यादीत आपलं नाव वर बघायचं, यात एक नशा होती आणि ती मला चढली होती.

बारावीच्या त्याच वर्षी भूकंप झाला. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहर वाचलं. तिकडं औसा-निलंग्याच्या बाजूला गावंच्या गावं बसली. पंधरा-वीस दिवसांत क्लास पुन्हा सुरू झाले, कारण पोर्शन मागं पडला होता. आम्ही पितळी भांड्यावर भांडं उपडं रचून ठेवायचो, जमीन हलली तर आवाज व्हावा म्हणून. उंदरानं भांडं पाडलं की अख्खी गल्ली रस्त्यावर. बाहेर आलोच आहोत तर म्हणून पोरं दिव्याच्या खांबाखाली सूत्रं पाठ करायची.

खोलीत माझ्याबरोबर मंगल होती. निलंग्याकडच्या एका गावची, शेतकऱ्याची एकुलती एक लेक. त्या पहाटे ती माझ्याशेजारी लातुरात होती आणि तिची आई गावात. मंगल गावी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आईला शेवटचं बघणंही तिला मिळालं नाही. वडील वाचले होते. ते इतरांबरोबर सरकारनं जुन्या गावापासून दूर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. पोरीनं बारावी करावी हा हट्ट आईचा होता, म्हणून वडिलांनीच मंगलला परत पाठवलं. ती आली, पुस्तकं उघडली आणि अभ्यासाला लागली. त्याविषयी ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मंगलचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. इंग्रजीनं मात्र तिचं कायम वाकडं. डिसेंबरात एक टेस्ट झाली. आमच्याकडं वह्या अदलाबदल करून तपासायची पद्धत होती. मंगलची वही माझ्याकडं आली. 'लाँग' हे क्रियापद वाक्यात वापरा, अर्धा मार्क. मंगलनं लिहिलं होतं: 'मी लाँग्ज माय शेत.'

आता हे 'मी' म्हणजे इंग्रजीतलं 'मी', म्हणजे आपलं 'मला'. हा घोळ आपल्या पोरांचा पाचवीपासूनचा. आपलं 'मी' तिकडं 'मला' होऊन बसतं. तिथं 'आय' हवं होतं. शिवाय 'फॉर' गायब, आणि शेवटी चक्क शेत. मी लाल पेनानं काट मारली. तेवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी हात वर केला आणि म्हटलं, "सर, एक गंमत दाखवू?"

सरांनी वाक्य मोठ्यानं वाचलं. "मी लाँग्ज! म्हंजे काय, मला लांबतं? आन शेताला इंग्रजी शब्द न्हाई व्हय गं?"

मंगल उभी राहिली. म्हणाली, "फील्ड म्हंजे क्रिकेटचं असतंय, सर. आमचं शेत हाय."

वर्ग इतका हसला की बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले. त्या दिवसापासून मंगलचं नाव 'लांबतं' पडलं. जिन्यावर, नळावर, मेसमध्ये, "काय लांबतं, आज काय लांबलं?" हसणाऱ्यांत मी होते. सगळ्यांत पुढं होते.

संध्याकाळी खोलीवर ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "एक सांग. 'मला करमत न्हाई' ह्याला इंग्रजीत काय म्हनतेत?"

मी दोन-तीन वाक्यं करून दाखवली. सगळी 'आय'नं सुरू होणारी.

"पन त्यात 'मला' कुठाय?" ती म्हणाली. "मी काय करमत न्हाई का? करमायचं आपल्या हातात असतंय व्हय? ते आपल्याला हुतंय. भूक लागती, आठवन येती, तसं. म्हनून म्या 'मला' लिव्हलं."

मी म्हटलं, "रूल इज रूल." असलं वाक्य त्या वयात फार शहाणपणाचं वाटतं.

ती बरोबर होती. आपली भाषा याबाबतीत मोठी प्रामाणिक आहे. राग मला येतो, भीती मला वाटते, आठवण मला येते. या सगळ्यात मी कर्ता नसतेच, मी फक्त ते सगळं जिच्यावर येऊन आदळतं ती बाई. आणि करमणं तर अजबच. बरं चाललेलं असताना कुणी उठून 'मला करमतंय' असं सांगत फिरत नाही. करमेनासं झालं की मगच तो शब्द तोंडात येतो. हे मला आज दिसतं. तेव्हा मला अर्धा मार्क दिसत होता.

मार्गशीर्षाची अमावस्या जवळ आली. लातूरकडं तिला येळवस म्हणतात. मी नांदेडची, मला हा सण ठाऊक नव्हता. त्या दिवशी सगळं शहर कुलूप लावून शेतात जातं. ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप करतात, आत काळ्या आईची पूजा मांडतात, रानातून फिरत तिला ताक-पिठाची आंबील शिंपडतात, आणि मग वाटेनं जाईल त्याला हाका मारून जेवायला घालतात. ज्याला शेत नाही त्याला शेजाऱ्याचं शेत असतं. त्या वर्षी मात्र आमच्या क्लासनं येळवसलाच सकाळी टेस्ट ठेवली. भूकंपात गेलेले दिवस भरून काढायचे होते. गैरहजर राहील त्याची रवानगी दुसऱ्या बॅचमध्ये.

मंगल आदल्या दिवशीच निघाली. मी म्हटलं, "बॅच जाईल."

"जाऊ दे. आंबील आदल्या दिशी घालावी लागती, तवा आंबती."

मग दारातून वळून म्हणाली, "तू टेस्ट देऊन ये. येतीस का?"

जिला मी भर वर्गात हसं केलं होतं तीच मला बोलावत होती. मला लाज वाटली आणि त्या लाजेपोटीच मी हो म्हटलं. मी मोठी हिशेबी. सकाळी टेस्ट दिली आणि दुपारची एसटी धरली. लातूरचे रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस पडले होते. बसमध्ये कंडक्टर, ड्रायव्हर आणि मी. निलंग्याच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना तुरी, पिवळी करडई, हरभरा. कुठं कोप दिसत होता, कुठं दिसत नव्हता. कंडक्टर म्हणाला, "यंदा निम्म्या रानात कोपच न्हाई बगा."

वळणावर उतरून चालत गेले, तर मंगलच्या रानातही कोप नव्हता. ती एकटीच कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायला धडपडत होती आणि त्या एकेक करून कलंडत होत्या. तिचे वडील पाठ फिरवून बांधावर बसले होते.

"दादा, उटा की," मंगल वडिलांना म्हणाली.

"जिनं घास घेतला, तिलाच आपुन घास भरवायचा?" ते पाठमोरेच बोलले. "म्या न्हाई कोप घालत. यंदा न्हाई, कवाच न्हाई."

मी तिथंच थबकले. ज्या जमिनीनं आईला गिळलं, तिचीच पूजा. मंगलनं कलंडलेली पेंढी उचलली. मग हातातली पेंढी न सोडता म्हणाली, "आईनं घातला असता का न्हाई, तेवढं सांगा."

मंगल पुन्हा पेंढ्यांशी झटायला लागली. पुन्हा त्या पडल्या. तेव्हा ते उठले, धोतर खोचत आले आणि तिच्या हातातला दोर ओढून घेतला. "असा बांधतेत व्हय कोप? वाऱ्यानं पडंल की." त्यांनी पाचही पेंढ्यांचे शेंडे एकत्र धरून गच्च आवळले. बांधून झाल्यावर ते तसेच दोर धरून उभे राहिले. आम्ही दोघी दुसरीकडं बघत राहिलो.

जेवायला भज्जी होती. नावावरून मी तळलेली भजी समजले होते, पण ही ओल्या तुरीची, पावट्याची, हरभऱ्याच्या पाल्याची दाट भाजी निघाली. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, होते. आणि मातीच्या बिंदग्यात आंबील. ती दरवर्षी आई करायची, यंदा पहिल्यांदा मंगलनं केली होती. ताकाचा अंदाज चुकला होता. पहिल्या घोटाला माझे डोळे मिटले, इतकी आंबट. वडिलांनी लोटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि दुसऱ्यांदा लोटा पुढं केला.

बांधावरून ते जुनं गाव दिसायचं, म्हणजे जिथं गाव होतं ती जागा. नवं गाव भलतीकडंच बसणार होतं. मंगल म्हणाली, "घर गेलं, गाव बी हललं. शेत तेवढं हाय तितंच हाय." आणि मग हसून, माझ्याकडं न बघता, "दोन दिस झालं हितं. न्हाई लांबलं."

तिची बॅच गेली. दुसऱ्या बॅचला इंग्रजीचे सर धड नव्हते. फेब्रुवारीत तिनं खोली सोडली, शेडमध्ये राहून परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा कुणीतरी सांगितलं, मंगल फक्त इंग्रजीत नापास झाली. पुन्हा बसली नाही. इंग्रजीत आमच्या वर्गात पहिली मी आले.

त्या उन्हाळ्यात मी अब्बांच्या दुकानात खळ ढवळत बसले होते. एका ग्रंथालयाचा जाडजूड इंग्रजी कोश बांधायला आला होता, शब्दांची कुळं सांगणारा. अब्बांनी दोरा कापला आणि पानं माझ्यापुढं ठेवली. सवयीनं चाळता चाळता 'लाँग' आला आणि मी वाचायला लागले.

जुन्या इंग्रजीत ते क्रियापद आपल्या 'लांबणे'सारखंच होतं. लांब होत जाणं. एखाद्या माणसावाचून वेळ लांबत जातो, दिवस संपता संपत नाही, म्हणून पुढं त्याचा अर्थ झाला ओढ. आणि ते वापरायचे कसं? 'आय' लावून नाही. शेकडो वर्षं इंग्रज लोक म्हणत होते, 'मी लाँगेथ'. मला लांबतं. ते आपोआप होतं, माझ्यावर येतं, मी ते करत नाही. पुढं कधीतरी त्यांनी तो 'मला' काढून टाकला आणि सगळीकडं 'आय' बसवला.

मी ते पान दहा वेळा वाचलं असेल. अब्बा म्हणाले, "क्या हुआ? मूं कायकू उतर्या?" मी सगळं सांगितलं, लाल काट, हसणं, सगळं. अब्बांनी दाभण खाली ठेवलं. "तो उसकू लिख देव ना. गलती तुमारी है, उसकी नई."

मी पोस्टकार्ड लिहिलं. माझ्याकडं जुन्या गावाचा पत्ता होता. कार्ड शिक्के खाऊन परत आलं. पत्त्यावरचं गाव जागेवर नव्हतं, हे मला आधी कळायला हवं होतं. आता खरं सांगते, शोधलं असतं तर ती सापडली असती. निलंग्याला जाऊन चार जणांना विचारलं असतं तरी पुरे होतं. मी विचारलं नाही. पुढं इंग्रजीचीच प्राध्यापक झाले, वर्षानुवर्षं लाल पेन चालवलं, आणि 'लाँग फॉर' आलं की फळ्यावर पटकन अर्थ लिहून पुढं जात राहिले. अब्बा गेले, दुकान बंद झालं. तो कोश कुठल्या ग्रंथालयाचा होता तेही आता आठवत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नानं मात्र गाठलं. तिला त्या दिवशी सगळं नीट सांगितलं, 'मला लांबतं'सकट. ती म्हणाली, "भारीच की, मॅडम." पण मला बरं वाटलं नाही. दोन आठवड्यांवर येळवस होती. मी रजा टाकली.

पत्ता नव्हताच, आणि शेताला तो लागतही नाही. एसटीतून त्याच वळणावर उतरले. या वेळी रानोरान कोप होते. तीन ठिकाणी अनोळखी बायकांनी हाका मारल्या, "या की, भज्जी खाऊन जावा." एकीला विचारलं तर म्हणाली, "मंगल आक्का? ते काय, त्या कोपाम्होरं." मंगलनं लग्नानंतर नवऱ्यालाच इकडं आणलं होतं, वडिलांच्या मागं रान तीच बघत होती. केस पांढरे झालेले, आवाज तोच. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"नसरीन? अगं बया! काय शोधलालीस हितं?"

"तुलाच."

बसले. तिनं ताट वाढायला घेतलं. प्रवासभर जुळवलेली प्रस्तावना मी विसरले आणि एकदम मुद्द्यावरच आले. ती लाल काट, तो कोश, लांबत जाणारा वेळ, इंग्रजांचं जुनं 'मला'. ती भज्जी वाढता वाढता थांबली.

"म्हंजे माजं बरुबर हुतं?"

"बरोबर होतं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी लिहिलं असतंस तर पूर्ण मार्क पडले असते. चूक माझी होती मंगल. मी हसायला नको होतं."

ती कोपाकडं बघत राहिली. मग हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हंजे तितं बी म्या उशिराच पोचले म्हन की."

मी हसू शकले नाही. 'तितं बी'मागची ती भूकंपाची संध्याकाळ मला माहीत होती. मी खाली ताटाकडं बघत बसले. तिनं बिंदगं तिरकं करून लोटा भरला आणि माझ्या हातात दिला.

"पी. येळवसला उशिरा आलेल्याला बी आंबील असती."

आंबील आंबट होती. मी लोटा रिकामा केला आणि दुसऱ्यांदा पुढं केला.